दम लागायच्या आधी

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आजोळी गेलो होतो. आजोळ म्हणजे जालना जिल्ह्यातलं घनसावंगी. ऑफिसात हे नाव सांगितलं की "हे कुठं आलं रे?" हा प्रश्न ठरलेला. मग मी समर्थ रामदासांचं जांब सांगतो. ते याच तालुक्यात आहे. कोरोनाच्या काळात रोज टीव्हीवर दिसणारे आरोग्यमंत्री राजेश टोपे तेव्हा इथलेच आमदार होते, असं सांगितलं की मात्र सगळ्यांना लगेच कळतं. असो.

तर मामांबरोबर मोसंबीच्या बागेत गेलो. लहानपणी याच मामांच्या मागे पळताना माझी दमछाक व्हायची. या वेळी विहिरीपासून घरापर्यंत येताना ते दोनदा थांबले. एकदा चप्पल नीट करायला, एकदा फोन बघायला. फोन वाजलेला नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "कामून एवढं बघायलास? वय झालं की आता!" वय एकसष्ट. रात्री मामी त्यांच्या उशाखाली आणखी एक उशी सरकवत होती. आडवं झालं की घुसमटतं, पित्ताचा त्रास आहे, असं घरात ठरलेलं होतं. डॉक्टरनं ठरवलेलं नव्हतं, घरानंच ठरवलेलं.

संक्रांतीच्या आधी एका रात्री दीड वाजता मामांना श्वासच घेता येईना. गावातल्या कुणाची तरी जीप काढली, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर जालना, तिथून पुढे साठेक किलोमीटर संभाजीनगर. तिथल्या डॉक्टरांनी इको केला आणि सांगितलं, पंपिंग पंचवीस टक्के. मग मामीला विचारलं, "बीपी कधीपासून आहे?" मामी म्हणाली, "बीपी नाही त्यांना. कधी तपासलंच नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून काही केल्या जाईना. पहिल्यांदा हसू येतं, मग येत नाही. आपल्या क्षेत्रात आपणही हेच करतो ना? "सिस्टिमला काही प्रॉब्लेम नाही. मॉनिटरिंग लावलंच नाही." :-)

मामा वाचले. पण मला पडलेला प्रश्न वेगळा होता. मामांचा आजार सुरू कधी झाला? त्या रात्री दीडला? दिवाळीत, विहिरीपाशी? की त्याच्याही दहा वर्षं आधी, जेव्हा ते धडधाकट म्हणून गावात प्रसिद्ध होते? या प्रश्नाच्या मागे लागून गेले बरेच शनिवार-रविवार वाचत बसलो. त्यातून लक्षात आलं की हाच प्रश्न वैद्यकशास्त्राला दोनशे वर्षं पडलेला आहे आणि दर पिढीत त्याचं उत्तर थोडं थोडं मागे सरकत गेलंय. आजचा लेख त्या सरकत्या रेषेचा इतिहास आहे.

*

आधी एक भाषेचा घोटाळा निस्तरू. मराठीत "हार्टफेल झाला" म्हणजे माणूस गेला. बसल्या जागी, एका मिनिटात. डॉक्टर ज्याला हार्ट फेल्युअर म्हणतात ते हे नव्हे. त्यांच्या लेखी हृदय चालू असतं, फक्त शरीराला लागतं तेवढं रक्त ते पुढे ढकलू शकत नाही, किंवा ढकलण्यासाठी त्याला आत फार दाब सोसावा लागतो. मग फुप्फुसात पाणी साचतं, पायावर सूज येते, पायऱ्या चढताना दम लागतो. हे वर्षानुवर्षं चालू शकतं. आपल्याकडे या लांबलेल्या आजाराला रोजच्या बोलण्यात स्वतंत्र नावच नाही. ज्याला नाव नाही ते दिसत नाही. त्याच्या जागी "वय", "पित्त", "दमा", "अशक्तपणा" अशी चार नावं फिरत राहतात.

हा दोष फक्त आपला नाही. युरोपातही शतकानुशतकं लोकांना दिसायची ती सूज. १७८५ साली विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरनं फॉक्सग्लोव्ह नावाच्या झाडाच्या पानांनी सूज कशी उतरते यावर पुस्तक लिहिलं. आजचं डिगॉक्सिन हे त्याच घराण्यातलं औषध. पण हे औषध मुख्यतः हृदयावर काम करतंय हे तेव्हा नीट उमगलेलं नव्हतं. दुखणं सुजेचं, औषध सुजेचं. १८१६ मध्ये पॅरिसला लेनेक यांनी कागदाची सुरळी करून एका बाईच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. आता आतला आवाज ऐकू येऊ लागला, पण तो ऐकायचा कुणाचा? जो तक्रार घेऊन आला त्याचा.

१९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्ट असोसिएशननं हृदयरोग्यांचे चार वर्ग पाडले, ते आजही वापरात आहेत. पहिल्या वर्गात नेहमीच्या हालचालींना त्रास नाही, चौथ्यात बसल्या जागीही दम. म्हणजे मोजमाप आलं, पण मोजायचं काय? पेशंट काय सांगतो ते. आमच्या मामांनी "मला काही होत नाही" म्हटलं की ते पहिल्या वर्गात! मामांसारखी माणसं चप्पल नीट करायला थांबतात, दम खायला थांबत नाहीत.

*

तक्रारीवर अवलंबून नसलेलं पहिलं सोपं यंत्र आलं ते रक्तदाबाचं. १८९६ मध्ये इटलीत रिव्हा-रोची यांनी दंडाला बांधायचा फुगवता येणारा पट्टा आणला, आणि १९०५ मध्ये रशियात कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून वरचा-खालचा आकडा कसा ऐकायचा ते सांगितलं. आपल्या पीएचसीत आजही जवळपास तेच चालतं. म्हणजे यंत्र एकशेवीस वर्षांपूर्वीच हातात होतं. आकडे दिसत होते. फक्त ते आकडे म्हणजे धोक्याची घंटा आहे, हे पटायला फार वेळ गेला.

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. त्यांच्या रक्तदाबाच्या नोंदी आहेत. १९३७ मध्ये १६२/९८. १९४१ मध्ये १८८/१०५. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाचा लॉग समोर उघडा पडलाय आणि लाल अक्षरांत ओरडतोय, पण कुणालाच तो अलर्ट वाटत नाही. त्या काळी अनेक नामवंत डॉक्टर मानायचे की वय वाढलं की दाब वाढणारच, आणि कडक झालेल्या नळ्यांतून रक्त ढकलायला शरीराला तो हवाच असतो. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रुएन नावाच्या नौदलातल्या तरुण हृदयरोगतज्ज्ञाला तपासायला बोलावलं तेव्हा दाब १८६/१०८ होता, हृदय मोठं झालेलं, फुप्फुसात पाणी. त्यांनी हार्ट फेल्युअरचं निदान केलं आणि डिजिटॅलिस सुरू केलं. वर्षभरानं, १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन रूझवेल्ट गेले, तेव्हा नोंदलेला दाब ३०० च्या वर होता.

म्हणजे व्हाइट हाउस काय आणि घनसावंगी काय, "वय झालं की" हे निदान दोन्हीकडे चालायचं. फरक एवढाच की तिकडे आकडे लिहून ठेवले होते.

तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिकेत राष्ट्रीय हृदय कायदा झाला आणि बॉस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम गावात ५,२०९ लोकांचा अभ्यास सुरू झाला. यातली गंमत अशी की ही पेशंटची यादी नव्हतीच. गावातली साधी माणसं होती, दर दोन वर्षांनी तपासून वाट बघायची, पुढे कोण आजारी पडतं. आपल्या भाषेत सांगायचं तर, क्रॅश झाल्यावर डंप बघण्याऐवजी चालू सिस्टिमचे मेट्रिक्स आधीपासून साठवायचे. आज आपण "रिस्क फॅक्टर" हा शब्द क्रिकेटच्या कॉमेंट्रीतही वापरतो, तो या अभ्यासातून रुळला. हार्ट फेल्युअर झालेल्या बहुतेकांचा रक्तदाब कित्येक वर्षं आधीपासून वाढलेला होता, हेही तिथंच स्वच्छ दिसलं.

*

पण दाब वाढलाय हे कळून उपयोग काय, जर औषधच नसेल तर? इथं गोष्ट आपल्या मुंबईत येते.

डॉ. रुस्तम जाल वकील. जन्म १९११, लंडनला शिकून आलेले पारशी डॉक्टर, परळच्या केईएममध्ये काम. आपल्याकडे सर्पगंधा नावाची वनस्पती आहे. साप चावल्यावर, झोप येत नसल्यास, वेड लागल्यास तिच्या मुळ्या देण्याची जुनी पद्धत. ती रक्तदाब उतरवते हे १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी नोंदवलं होतं, पण भारताबाहेर कुणी फारसं लक्ष दिलं नव्हतं. वकील यांनी मुंबईत पेशंटवर ती काटेकोरपणे वापरून बघितली आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये ५० पेशंटचे आकडे छापले. मग जगाचे कान टवकारले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेझर्पिन वेगळं काढलं. १९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला, १९५८ मध्ये पद्मभूषण.

आता पुढची कडी बघा, ही मला सगळ्यात जास्त आवडली. साठच्या दशकात अमेरिकेत एडवर्ड फ्राइस यांनी माजी सैनिकांच्या दवाखान्यांतून एक प्रयोग केला. खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. अर्ध्यांना खरी औषधं, अर्ध्यांना दिसायला तशीच पण बिनऔषधाची गोळी. १९६७ मध्ये निकाल आला. बिनऔषधाच्या गटातल्या ७० जणांपैकी २७ जणांना गंभीर काहीतरी झालं. औषध घेणाऱ्या ७३ जणांत फक्त २. लगेच १९७० मध्ये त्याहून सौम्य रक्तदाबाच्या ३८० जणांचा निकाल आला, आणि त्यात औषध घेणाऱ्यांपैकी एकालाही हार्ट फेल्युअर झालेलं नव्हतं. बिनऔषधाच्या गटात झालेलं होतं. जी तीन औषधं एकत्र दिली होती त्यातलं एक कुठलं? रेझर्पिन. आपल्या सर्पगंधेतलं.

म्हणजे "तक्रार नसलेल्या माणसाला औषध देऊन त्याचं हृदय वाचवता येतं" ही आज साधी वाटणारी गोष्ट पहिल्यांदा आकड्यांनी सिद्ध झाली, त्यात परळच्या त्या ५० पेशंटचाही वाटा आहे. पुढे रेझर्पिन मागे पडलं. त्यानं काही जणांना नैराश्य यायचं, आणि जास्त चांगली औषधं आली. पण दार त्यानं उघडलं.

त्याच केईएममध्ये फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयारोपण केलं. दक्षिण आफ्रिकेतल्या बर्नार्ड यांच्या जगातल्या पहिल्या हृदयारोपणानंतर अडीच महिन्यांत! पेशंट काही तासच जगला, पण ती बातमी झाली, इतिहास झाला आणि व्हायलाच हवी होती. वकील यांचं नाव मात्र मी या वर्षीपर्यंत ऐकलं नव्हतं. शेवटचा उपाय बातमी होतो, पहिला होत नाही. प्रॉडक्शन रात्री तीनला सावरणाऱ्याला कंपनीत टाळ्या पडतात, ते पडूच नये म्हणून आदल्या महिन्यात दोन ओळी बदलणाऱ्याचं नाव कुणाला आठवत नाही. तसंच काहीसं.

*

रक्तदाब बाहेरून मोजता आला, पण हृदय आतून बिघडलंय का, हे पेशंटला न कापता कसं बघणार?

स्वीडनमधलं लुंड गाव. इंगे एडलर नावाचे हृदयरोगतज्ज्ञ. त्या काळी आकसलेली मायट्रल झडप मोकळी करायचं ऑपरेशन नवीन होतं, पण झडप आकसलीय की गळतेय हे आधी नक्की कळायचं नाही, आणि चूक झाली तर पेशंट जायचा. एडलर यांनी हेल्मुथ हर्ट्झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला विचारलं, रडारसारखं काही छातीत वापरता येईल का? हर्ट्झ यांना माहीत होतं की जहाजाच्या पत्र्यात भेग आहे का हे बघायला आवाजाच्या लहरी सोडून प्रतिध्वनी ऐकणारं यंत्र वापरतात. माल्मोच्या कोकम्स गोदीत असं यंत्र होतं. ते त्यांनी मागून घेतलं. किती दिवसांसाठी? एका वीकेंडसाठी! (शनिवार-रविवार लोळण्यात घालवणाऱ्या माझ्यासारख्यांनी नोंद घ्यावी.) पुढे सीमेन्स कंपनीनं यंत्र दिलं आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी जिवंत हृदयाच्या हालचालीचा पहिला आलेख निघाला. इकोचा जन्म हा. आपण आज ज्याला "टूडी इको" म्हणून रांगेत उभे राहतो त्याचा खापरपणजोबा जहाजाच्या गोदीतला.

पुढे इकोवरून एक आकडा काढायची सोय झाली, इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे ईएफ. हृदयाचा डावा खालचा कप्पा भरतो तेव्हा त्यात जेवढं रक्त असतं, त्यातलं किती टक्के एका ठोक्यात बाहेर जातं. निरोगी माणसाचा आकडा साधारण ५५ ते ७० च्या घरात. शंभर कुणाचाच नसतो, त्यामुळे ६० बघून घाबरू नका. मामांचा होता २५.

आता मुख्य प्रश्न. ईएफ एवढी घसरेपर्यंत माणसाला कळत कसं नाही?

कारण शरीर सांभाळून घेतं. पंप कमजोर झाला की ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, मूत्रपिंडं पाणी आणि मीठ धरून ठेवतात, कप्पा ताणून मोठा होतो. काही काळ काम भागतं. एखादी सर्व्हिस मधून मधून फेल होत असते, पण कुणीतरी रिट्राय लावून ठेवलेला असतो. युजरला सगळं ठीक दिसतं, डॅशबोर्ड हिरवा. आत मात्र प्रत्येक रिट्राय लोड वाढवतोय, आणि एका रात्री दीड वाजता सगळं एकदम झोपतं. हृदयाचंही तसंच. जे सांभाळून घेतंय तेच हळूहळू स्नायू झिजवतंय. म्हणून "काही त्रास नाही" याचा अर्थ "काही बिघाड नाही" असा होत नाही.

अशी किती माणसं असतील? अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या एका काउंटीत ४५ वर्षांवरच्या २,०४२ लोकांचा सरसकट इको करून बघितला. निकाल २००३ मध्ये आला. ज्यांच्या हृदयात मध्यम किंवा गंभीर बिघाड दिसला, त्यांच्यातल्या निम्म्याहून कमी लोकांना हार्ट फेल्युअरचं निदान झालेलं होतं. उरलेले आपापल्या विहिरीवरून घरी चालत येत होते. मामांसारखेच, थांबत थांबत.

आणि आधी कळलं तर फरक पडतो का? याचं उत्तर १९९२ मध्ये आलं होतं. सॉल्व्ड नावाचा अभ्यास, ४,२२८ माणसं. सगळ्यांची ईएफ ३५ किंवा त्याखाली, पण हार्ट फेल्युअरची लक्षणं नाहीत. निम्म्यांना एनालाप्रिल, निम्म्यांना बिनऔषधाची गोळी. साधारण तीन वर्षांत औषधाच्या गटात हार्ट फेल्युअर होण्याचं प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी झालं. मृत्यूंमधला फरक तेव्हा ठोस म्हणण्याइतका नव्हता. पण हीच माणसं बारा वर्षांनी पुन्हा बघितली, तेव्हा मृत्यूही कमी झालेले दिसले. एनालाप्रिल ज्या कुळातलं, त्यातलं तोंडानं घ्यायचं पहिलं औषध कॅप्टोप्रिल, आणि त्याची कल्पना सुचली ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषावरून. तिकडे खरा साप, इकडे सर्पगंधा. हृदयाचं आणि नागोबाचं काय नातं आहे कोण जाणे. :-)

या सगळ्यानंतर २००१ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या दोन मोठ्या संस्थांनी हार्ट फेल्युअरच्या चार पायऱ्या नव्यानं ठरवल्या. 'ए' म्हणजे हृदय ठीक, पण रक्तदाब, मधुमेह असं काही आहे. 'बी' म्हणजे हृदयात बदल झालाय, पण त्रास नाही. 'सी' म्हणजे त्रास सुरू. 'डी' म्हणजे शेवट. नीट बघा, चारातल्या पहिल्या दोन पायऱ्यांवर पेशंटला काहीच होत नसतं. १९२८ मध्ये आजार पेशंटच्या तोंडून ऐकायचा होता. २००१ मध्ये तो पेशंट बोलायच्या आधीच सुरू झालेला असतो असं ठरलं. माझ्या मते हा सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल आहे, आणि तो कुठल्याही यंत्रात नाही, व्याख्येत आहे.

*

त्यानंतरची साधनं थोडक्यात. १९८८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना डुकराच्या मेंदूत एक रसायन सापडलं, त्याला त्यांनी मेंदूचं नाव दिलं. ते म्हणजे बीएनपी, त्यातला 'बी' ब्रेनचा. नंतर कळलं की ते मुख्यतः हृदयातून येतं, कप्प्यावर ताण आला की. नाव तसंच राहिलं (लेगसी कोडमधल्या व्हेरिएबलसारखं). रक्ताच्या साध्या तपासणीत ते मोजता येतं. आयर्लंडमध्ये धोका असलेल्या १,३७४ लोकांवर ते वापरून बघितलं. ज्यांचं बीएनपी वाढलेलं, फक्त त्यांचा इको आणि जास्त काळजी. २०१३ च्या निकालात, नेहमीच्या उपचारांच्या गटात ८.७ टक्के लोकांच्या हृदयात बिघाड झाला, या गटात ५.३.

इकोही सुधारला. आता ईएफ नॉर्मल असतानाच स्नायूचे धागे लांबीच्या दिशेनं किती आखडतात ते मोजतात, त्याला स्ट्रेन म्हणतात. कॅन्सरच्या काही औषधांनी हृदयाला इजा होते, ती लवकर पकडायला याचा खास उपयोग. आणि आपल्या धंद्यातली बातमी म्हणजे २०१९ मध्ये मेयो क्लिनिकच्या लोकांनी हजारो पेशंटचे साधे ईसीजी आणि त्यांचे इको जोडीनं एका न्यूरल नेटवर्कला दाखवले. माणसाला ज्या ईसीजीत काही दिसत नाही, त्यावरून ईएफ कमी असल्याचं ते बऱ्यापैकी ओळखू लागलं. २०२१ मध्ये २२,६४१ लोकांवर ते प्रत्यक्ष दवाखान्यात वापरलं, तेव्हा कमी ईएफचं नवं निदान १.६ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर गेलं. आकडा लहान वाटतो, पण ईसीजीचं मशीन स्वस्त असतं आणि तालुक्याच्या गावी पोचतं. इको करणारा माणूस पोचत नाही.

याचा अर्थ उद्या सगळ्यांनी जाऊन इको करावा असा नाही. धोका नसलेल्या माणसाचा सरसकट इको करा असं कुणी सांगत नाही. धोका कुणाला आहे, हे आधी ओळखायचं. आणि इथंच आपली एक खास फसवणूक होते.

मामा बारीक आहेत. काटक. "त्यांना कसलं आलंय बीपी-शुगर, हाडाचा शेतकरी माणूस!" हे मी स्वतः म्हणालेलो आहे. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये एक मजेशीर फोटो छापला. ते स्वतः आणि त्यांचे लंडनचे मित्र जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीदार. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात तर नवजात बाळांतही हेच दिसलं. वजनानं लहान, पण चरबी राखून असलेली बाळं. म्हणजे आरशात बघून "मला काही होणार नाही" म्हणायची सोय आपल्याला नाही.

*

आता परत घनसावंगीला.

मामांच्या संभाजीनगरच्या बिलाचा मोठा भाग महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून गेला. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झालेली हीच ती, २०१७ मध्ये नाव बदललं. या योजनेनं किती घरांची जमीन वाचवली असेल, त्याला तोड नाही. पण ती कामाला येते तेव्हा माणूस 'सी' पायरीवर पोचलेला असतो. 'ए' पायरीवरच्या माणसाला काय लागतं? दंडाला पट्टा, बोटाला सुई, आणि महिन्याच्या गोळ्या न चुकता. हे सगळं आरोग्य केंद्रात मिळतं, फुकट. २०१७ पासून भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातल्या काही जिल्ह्यांनी हेच करून दाखवलं. ठरलेल्या दोन-तीन गोळ्या, प्रत्येकाची नोंद, आला नाही तर फोन. यात कुठंच रॉकेट सायन्स नाही. जे कमी आहे ते म्हणजे काही होत नसताना रांगेत जाऊन उभं राहणारा माणूस. मोसंबीला डिंक्या दिसायच्या आधी मामा खोडाला बोर्डो पेस्ट लावतात. स्वतःच्या दंडाला पट्टा मात्र एकसष्ट वर्षांत लावला नाही.

मामा आता चार गोळ्या घेतात, मीठ कमी खातात आणि त्याबद्दल रोज कुरकुर करतात. मागच्या इकोत ईएफ ४० आली. डॉक्टर म्हणाले, लवकर आला असतात तर याहून बरं असतं. मामांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "लवकर म्हंजे कधी? मला कुठं काही होत होतं?"

याचं उत्तर माझ्याकडे अडीच हजार शब्दांचं आहे. त्यांना मी एवढंच म्हटलं, "मामा, होत नव्हतं तेव्हाच."

या पाडव्याला गेलो तेव्हा मेडिकलमधून बीपीचं मशीन घेऊन गेलो होतो. अंगणात बसून सगळ्यांचं बघितलं. मामीचं ठीक. धाकट्या मामांचं १५८/९६. ते म्हणाले, "मशीन बिघडलंय." मग मशीन बरोबर आहे हे दाखवायला मी माझ्या दंडाला लावलं. मी छत्तीस वर्षांचा, रोज दहा तास खुर्चीत, रात्री बाराला पिझ्झा. १४८/९४ आलं.

पुन्हा लावलं. १४६/९४.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटे मामा आणि मी एकाच मोटारसायकलवरून सरकारी दवाखान्यात गेलो. रांगेत आमच्यापुढे सात जण होते. सिस्टरनं विचारलं, "काय होतंय?" आम्ही दोघं एकमेकांकडं बघितलं आणि म्हणालो, "काही नाही."